मोरटक्क्याच्या अलीकडे : अवयवदान, कायदा आणि बऱ्हाणपूर

मृत्यूनंतर अवयवदान होण्यासाठी मृत्यू विशिष्ट ठिकाणी आणि विशिष्ट रीतीने यावा लागतो. घरी झोपेत गेलेल्या माणसाचे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय सहसा दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. हृदय थांबले की रक्तपुरवठा तुटतो आणि थोड्याच मिनिटांत हे अवयव बिघडू लागतात. ते देता येतात ते मुख्यतः एका अवस्थेत : मेंदूचे कार्य कायमचे संपलेले आहे, पण अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसांत प्राणवायू जातो आहे आणि हृदय अजून धडधडते आहे. डोक्याला जबर मार लागलेले अपघातग्रस्त आणि मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण बहुधा या अवस्थेत पोचतात. दवाखान्याच्या आवारात तिला सर्रास ‘ब्रेन डेड’ म्हणतात. कायद्यात तिचे नाव मस्तिष्कस्तंभ मृत्यू असे आहे.

मस्तिष्कस्तंभ हा मेंदूचा खालचा, देठासारखा भाग. श्वास घेण्याची आज्ञा तिथून निघते, शुद्ध तिथल्या यंत्रणेवर अवलंबून असते. तो मेला की माणूस पुन्हा कधीही स्वतःहून श्वास घेत नाही. कोमा ही अवस्था वेगळी, आणि ज्याला वैद्यकात स्थायी निश्चेतनावस्था म्हणतात तीही वेगळी. मराठी वाचकाला हा फरक अरुणा शानबाग यांच्यामुळे चांगला समजू शकेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचा श्वास त्यांचाच होता, मस्तिष्कस्तंभ जिवंत होता. त्या मेंदूमृत कधीच नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबतच्या २०११ च्या निकालातही हा भेद स्पष्ट केला आहे. कोमातून माणसे परत आल्याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात आणि त्या खऱ्याही असतात. मस्तिष्कस्तंभ मृत्यू नियमानुसार सिद्ध झाल्यावर मात्र कोणी परत आलेले नाही. नातेवाइकांच्या मनातली सर्वांत मोठी शंका हीच असते, म्हणून ती सर्वांत आधी आणि शांतपणे दूर करावी लागते.

ही सिद्धता एका डॉक्टरच्या मतावर होत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ लागते : रुग्णालयाचा वैद्यकीय प्रमुख, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि उपचार करणारा डॉक्टर. मेंदूचा तज्ज्ञ मिळत नसेल, तर यादीतील शल्यचिकित्सक, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ त्याच्या जागी बसू शकतो. ही सवलत त्या कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने दिली. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या मंडळात चालत नाही. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. डोळ्यांत उजेड टाकून बाहुली आकुंचते का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फाचे पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी फिरवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी श्वासाची चाचणी. नळीतून प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. त्याचा दाब ६० मिलिमीटरपर्यंत चढूनही छाती हलली नाही, तर श्वासकेंद्र मेले असे ठरते. गुंगीची औषधे, शरीराचे अति थंड होणे, क्षारांचा मोठा बिघाड यांपैकी काही असेल तर या चाचण्या करायच्याच नसतात.

यानंतर घड्याळ सुरू होते. हृदय बाहेर काढल्यापासून साधारण ४ तासांत दुसऱ्या छातीत बसावे लागते. फुप्फुसांना ४ ते ६ तास मिळतात, यकृताला ८ ते १२, मूत्रपिंड मात्र बर्फात २४ तास आणि कधी त्याहून अधिक टिकते. अवयवदानाचा सगळा भूगोल या आकड्यांनी ठरतो, आणि बऱ्हाणपूरसारख्या गावाचा प्रश्न इथेच उभा राहतो.

तापीकाठचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशाला खेटून. २००३ साली ते खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ इकडची माणसे आणि बऱ्हाणपूरची माणसे यांच्यात सोयरिकी आहेत, बाजार आहे, दवाखानेही आहेत. डोक्याला मार लागलेला रुग्ण हाती आला की इथला डॉक्टर ‘रेफर’ लिहितो आणि नातेवाईक ठरवतात, इंदूर की जळगाव. इंदूर साधारण १८० किलोमीटर. इच्छापूर–इंदूर महामार्ग अशीरगडाच्या पायथ्यावरून, खंडवा, सनावद, बडवाह करत जातो. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी लागते, आणि नर्मदेला मोठा पूर आला की तिथल्या जुन्या पुलावरची वाहतूक बंद होते. पुढे सिमरोळच्या अलीकडे भेरूघाट. अपघातांसाठी त्याचे नाव निमाडात लहान मुलांनाही ठाऊक आहे. ज्या रस्त्याने रुग्ण मेंदूच्या तज्ज्ञापर्यंत पोचायचा, त्याच रस्त्यावर डोके फुटलेले रुग्ण तयार होतात.

बऱ्हाणपूरहून हृदय काढून रस्त्याने इंदूरला नेणे ४ तासांच्या हिशेबात बसवणे अवघडच. मूत्रपिंडे आणि यकृत मात्र आरामात बसतात. म्हणजे अडचण वाहतुकीची कमी आणि घोषणेची जास्त आहे. व्हेंटिलेटर, रक्तातील वायूंची तपासणी, चार सह्या करू शकणारे डॉक्टर आणि त्या रात्री नातेवाइकांशी बोलणारा प्रशिक्षित समन्वयक हे एका छताखाली असेल, तरच मस्तिष्कस्तंभ मृत्यू जाहीर होऊ शकतो. नसेल, तर रुग्ण ‘मशीनवर’ असतो आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबते. दाखल्यावर मृत्यूची वेळ तीच लागते. दानाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. छोट्या गावांत लोक अवयव देत नाहीत अशी तक्रार भाषणांतून ऐकू येते. ती अन्यायाची आहे. ज्याला विचारलेच नाही, त्याने नकार दिला असे म्हणता येत नाही.

२०११ च्या दुरुस्तीने यावर एक वाट काढली आहे. प्रत्यारोपण न करणारे, पण गंभीर रुग्ण सांभाळू शकणारे रुग्णालय केवळ अवयव काढून घेण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करू शकते. त्यासाठी अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह लागते; अवयव काढणारा चमू बाहेरून येतो. जिल्ह्याच्या गावात असे एक केंद्र उभे राहणे, ही शंभर जनजागृती फेऱ्यांपेक्षा उपयोगाची गोष्ट आहे.

तापीच्याच दुसऱ्या टोकाचे सुरत शहर यासाठी पाहण्यासारखे आहे. बऱ्हाणपुरासारखेच तेही मोगल काळापासून कापडाचे गाव, यंत्रमागांचे आणि पोटासाठी आलेल्या कामगारांचे. तिथे नीलेश मांडलेवाला यांनी २००५–०६ च्या सुमारास, वडिलांच्या मूत्रपिंडविकाराच्या अनुभवातून, रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांशी थेट संबंध जोडायला सुरुवात केली. पुढे त्यातून ‘डोनेट लाइफ’ ही संस्था उभी राहिली. २०१५ च्या डिसेंबरात सुरतेहून हृदय विमानाने मुंबईला गेले. अवयव देणारी बरीच कुटुंबे कारखान्यांत आणि मागांवर राबणारी होती. श्रीमंती किंवा शिक्षण यांमुळे सुरत पुढे गेले नाही; योग्य वेळी योग्य माणूस अतिदक्षता विभागाच्या दारात उभा होता, म्हणून गेले.

इंदूरनेही त्याच वर्षी वळण घेतले. २०१५ च्या ऑक्टोबरात तिथे पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला. निमाडातल्याच खरगोन जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या कुटुंबाने अवयव दिले, चौकाचौकांत वाहतूक थांबवून यकृत विमानतळावर पोचवले गेले आणि तिथून गुरुग्रामला. तेव्हापासून इंदुरात असे कॉरिडॉर पुन्हा पुन्हा होत आले आहेत. २०२५ च्या जानेवारीत जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एका दात्याचे हृदय भोपाळच्या एम्समध्ये आणि यकृत इंदूरला हवाई रुग्णवाहिकेच्या मदतीने गेले. भोपाळ एम्समधले ते पहिले हृदय प्रत्यारोपण ठरले. याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने अवयवदात्याला पोलिसांची मानवंदना देण्याचे ठरवले. तमिळनाडूने शासकीय इतमामात अंत्यसंस्काराचा निर्णय त्याआधी, २०२३ साली घेतला होता.

राज्याची सीमा आणि अवयवांचे प्रशासन यांचा मेळ मात्र वेगळाच आहे. देशपातळीवर अवयववाटप पाहणारी नोटो ही संस्था दिल्लीत आहे. पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात असून महाराष्ट्र, गुजरात, गोव्याबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच्याच कक्षेत येतात. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या दात्याचे अवयव राज्यात जुळले नाहीत, तर पुढचा शोध परळवरून होतो. घेणाऱ्याच्या बाजूने मात्र सीमा बराच काळ आडवी येत होती. काही राज्ये प्रतीक्षायादीत नाव घेताना रहिवासी दाखला मागत. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राने ही अट काढायला सांगितली, ६५ वर्षांची वयोमर्यादा उठवली आणि नोंदणीशुल्क घेऊ नये असे कळवले. सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. शासकीय आरोग्य योजनांचा पैसा अजूनही राज्याच्या सीमेवर थांबतो : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपण बसते, पण बऱ्हाणपूरच्या रेशनकार्डावर ती मिळत नाही.

केईएमचे नाव इथे दुसऱ्या कारणानेही येते. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि आधुनिक प्रत्यारोपण सुरू झाले. जुळे एकसारखे असल्याने शरीराने परका अवयव म्हणून तो झिडकारला नाही. केईएममध्ये १९६५ साली मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न झाला. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदलले, आणि अडीच महिन्यांतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. जगात असे धाडस करणारे ते चौथे शल्यचिकित्सक. रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरमध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही टिकला नाही. मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डचा अहवाल त्याच १९६८ सालचा. भारतात त्याला कायद्याचा आधार मिळायला आणखी २६ वर्षे लागली. डॉ. सेन यांचे हात पुढे होते, कायदा आणि औषध दोन्ही मागे होते.

औषध आले ते मातीतून. नॉर्वेतल्या पठारावरील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. झाँ-फ्रांस्वा बोरेल यांनी १९७६ साली त्याचा प्रतिकारशक्ती आवरण्याचा गुण मांडला आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर जपानच्या त्सुकुबातील मातीच्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस निघाले. आज प्रत्यारोपण झालेला रुग्ण यांसारख्या गोळ्या आयुष्यभर घेतो. एखाद्या महिन्यात गोळ्यांचे पैसे नसले, तर बसवलेला अवयव धोक्यात येतो. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी गोळा होते, गोळ्यांसाठी होत नाही. गरीब घरातली प्रत्यारोपणे इथेच हरतात आणि त्याची बातमी होत नाही.

अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. आरोग्य राज्यांचा विषय असल्याने संसदेला काही राज्यांचे ठराव हवे होते. ते गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या विधिमंडळांनी दिले. या कायद्यामागे त्या काळातला मूत्रपिंडांचा उघड बाजार होता. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. आज त्याला ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. जवळच्या नात्याबाहेरच्या जिवंत दात्याला प्राधिकृत समितीपुढे उभे राहावे लागते. तरीही २००८ साली गुडगावचे आणि २०१६ साली मुंबईत पवईचे प्रकरण उघडकीला आले. बनावट लग्नाची कागदपत्रे, कर्जात बुडालेला दाता, मधला दलाल, आणि कागद पाहून समाधान मानणारी समिती ही जोडणी अशा अनेक प्रकरणांत दिसते. इराणने १९८८ पासून मूत्रपिंडाच्या मोबदल्याला सरकारी चौकट दिली. तिथेही विकणारा गरीबच असतो. रीतसर विक्री सुरू केली तर तुटवडा मिटेल, हा युक्तिवाद अधूनमधून भारतातही होतो. सावकाराच्या देशात त्याला थारा देऊ नये.

१९९४ च्या कायद्यात एक मोठी फट राहून गेली आहे. मस्तिष्कस्तंभ मृत्यूची व्याख्या त्याने केवळ प्रत्यारोपणापुरती केली. कुटुंबाने दान नाकारले, तर त्याच रुग्णाला मृत मानून व्हेंटिलेटर काढता येतो का, याचे सरळ उत्तर त्यात नाही. डॉक्टर कचरतात, बिल वाढते, आणि नातेवाइकांना वाटते की ‘मेला’ हा शब्द अवयव हवे आहेत म्हणूनच वापरला. केरळने २०२० साली आदेश काढून ही घोषणा दानापासून वेगळी केली. देशभर तसे झाले, तर दानावरचा संशय बराच निवळेल.

आकडे पाहिले तर २०२३ साली भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. मृत दाते मात्र १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण ४८ च्या पुढे आहे. स्पेनने १९८९ साली राफाएल मातेसान्स यांच्या हाताखाली राष्ट्रीय संस्था उभारली आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समन्वयक नेमला, बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर. जाहिरातींवर नव्हे, या नेमणुकांवर त्यांचा भर होता. भारतातही कायद्याने समन्वयक सक्तीचा केला आहे, पण तो नोंदणीकृत रुग्णालयांत.

भारतातली बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांची, आणि तिथे घर उघडे पडते. नोटोच्या २०१९ ते २०२३ च्या नोंदींत ५६,५०९ जिवंत दात्यांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या. घेणाऱ्यांत पुरुष ३९,४४७ आणि स्त्रिया १७,०४१. नवऱ्यासाठी बायको देते, मुलासाठी आई देते, भावासाठी बहीण देते. बाईला गरज पडली की कमावत्या पुरुषाने धोका कशाला घ्यावा असा विचार होतो. ‘मी स्वखुशीने देते’ हे वाक्य मंजुरीच्या मुलाखतीत कॅमेऱ्यात नोंदवले जाते. सासरच्या चार माणसांसह आलेली बाई ते वाक्य कोणत्या दाबाखाली बोलते, हे त्या चित्रीकरणात उमटत नाही. तिच्याशी एकांतात, तिच्या भाषेत, दोन-तीनदा बोलणे हाच त्यावरचा उपाय आहे आणि त्याला वेळ लागतो.

मृताच्या अवयवांबाबतही न्यायाचा प्रश्न आहे. दाता पुष्कळदा सामान्य घरातला असतो. हृदय किंवा यकृत बसवून घेण्याचा खर्च झेपतो तो मात्र मोजक्यांना. प्रतीक्षायादीचे गुण रक्तगट, गंभीरता आणि नोंदणीचा काळ पाहतात, पण यादीत नाव जाण्याआधीच ज्याचे पैसे संपले तो त्या गुणांपर्यंत पोचत नाही. शासकीय रुग्णालयांत प्रत्यारोपण वाढवणे हा यावरचा खरा मार्ग आहे. दात्याच्या कुटुंबावर अवयव काढण्याचा आणि जपण्याचा खर्च टाकता येत नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. अपघाती मृत्यूत शवविच्छेदनही अडत नाही; २०२१ च्या नोव्हेंबरपासून ते सूर्यास्तानंतरही करता येते आणि अवयवदानाच्या प्रकरणांना त्यात प्राधान्य आहे.

बऱ्हाणपुरात दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी आहे, मोठी मुस्लिम वस्ती आहे, मराठी आणि निमाडी हिंदू आहेत, सिंधी आणि जैन आहेत. दानाबद्दल बोलताना धर्म टाळून चालत नाही. दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्याची कथा देहदानाच्या प्रत्येक सभेत येते. इस्लामी फिकह अकादमीने १९८६ साली अम्मानच्या बैठकीत मेंदूमृत्यू मान्य केला आणि १९८८ साली जेद्द्याला मृताचे अवयव जीव वाचवण्यासाठी देण्यास परवानगी दिली. उपखंडातले अनेक मुफ्ती मात्र आजही सहमत नाहीत. कॅथलिक पंथात पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये अवयवदानाला स्पष्ट पाठिंबा दिला. या मतभेदांत डॉक्टरने निवाडा करू नये. कुटुंबाला आपल्या मौलवींना किंवा गुरुजींना फोन करायला वेळ द्यावा.

संशोधनाची दिशा तुटवडा कमी करण्याकडे आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १० जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय माणसाला बसवले. रुग्ण दोन महिने जगला. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनला ६९ बदल केलेले डुकराचे मूत्रपिंड बसवले, तोही रुग्ण दोन महिन्यांच्या आतच गेला. आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी १९९७ साली गुवाहाटीजवळ डुकराचे हृदय माणसात बसवले होते; रुग्ण वाचला नाही आणि डॉक्टरांना याच १९९४ च्या कायद्याखाली अटक झाली. परवानगी आणि देखरेख यांशिवाय केलेला प्रयोग आणि संशोधन यांतली रेघ तिथे ओलांडली गेली होती. बऱ्हाणपूरसारख्या गावांना अधिक जवळचे ठरेल ते दुसरे संशोधन : काढलेला अवयव बर्फात न ठेवता यंत्रातून उबदार रक्त फिरवत जिवंत ठेवणे. यकृत आणि हृदयाचे तास त्याने वाढतात. ते यंत्र स्वस्त झाले, तर १८० किलोमीटर हा आकडा आजच्याइतका कठीण राहणार नाही.

यांपैकी कशाचीही वाट न पाहता बऱ्हाणपुरात घरूनच देता येतात ते डोळे. मृत्यू घरी आला तरी चालतो, हृदय थांबलेले चालते. ६ तासांत नेत्रपेढीचा माणूस पोचायला हवा. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. वयाची अट अडत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही अडत नाही. घेतात ते बहुधा बुबुळावरचे पारदर्शक पटल, आणि चेहरा विद्रूप होत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ यांसारखे संसर्ग असतील तर मात्र नेत्रपेढी डोळे घेत नाही. देहदान करायचे तर खंडव्याचे आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. शवविच्छेदन झालेला देह तिथे सहसा स्वीकारत नाहीत. जिवंतपणी भरायचा संकल्पपत्राचा नमुना क्रमांक ७ आहे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. मस्तिष्कस्तंभ मृत्यूनंतर कुटुंबाने द्यायच्या संमतीचा नमुना क्रमांक ८. पहिला भरलेला असला तरी अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टर दुसराच पुढे करतात, म्हणून संकल्पपत्र कपाटात ठेवण्याआधी त्यातला मजकूर घरातल्या ज्या माणसाला सही करावी लागणार त्याला वाचून दाखवावा.